श्वानाचा दाखला, देशाची पत

वाराणसीच्या रस्त्यांवर वाढलेल्या मोती आणि जया या दोन कुत्र्यांची कथा २०२३ साली देशभरातील वृत्तपत्रांनी कौतुकाने छापली. काशीत वास्तव्याला आलेल्या दोन युरोपीय महिलांनी त्यांना दत्तक घेतले होते. एकाची रवानगी इटलीला होणार होती, तर जयाची नेदरलँड्सला. ‘भटक्या कुत्र्यांना पासपोर्ट आणि व्हिसा’ अशा आशयाचे मथळे झळकले. गल्लीतून थेट ॲम्स्टरडॅमला पोहोचणाऱ्या नशिबाचा अनेकांनी गमतीने हेवाही केला. त्या साऱ्या वार्तांकनातील एक तपशील मात्र दुर्लक्षित राहिला. जयाला सोबत नेण्यासाठी तिच्या नव्या पालकाला सुमारे सहा महिने थांबावे लागले होते. एका निरोगी, लस टोचलेल्या कुत्रीला एका देशातून दुसऱ्या देशात न्यायला अर्धे वर्ष का लागावे? या प्रश्नाचे उत्तर जयाच्या प्रकृतीत नाही. ते आपल्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेत आहे आणि ते आपल्याला भूषणावह नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. कुत्र्याला वा मांजराला व्हिसा नसतो. युरोपात ज्याला पाळीव प्राण्याचा पासपोर्ट म्हणतात, ती पुस्तिका युरोपीय संघातील अधिकृत पशुवैद्यच देऊ शकतो. भारतातून निघणाऱ्या प्राण्याला लागतो तो आरोग्याचा दाखला, आणि तो मिळवण्याचा क्रम काटेकोर आहे. जयाच्या प्रवासाच्या वेळी लागू असलेला युरोपीय संघाचा ५७६/२०१३ हा विनियम तो क्रम सांगतो. आधी कातडीखाली मायक्रोचिप. त्यानंतर रेबीजची लस, तीही प्राणी किमान १२ आठवड्यांचा झाल्यावर. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना. संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत त्या रक्तात दर मिलिलिटरमागे किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक इतकी प्रतिपिंडे आढळली पाहिजेत. आणि एवढे सारे झाल्यावर, नमुना घेतल्याच्या दिवसापासून तीन महिने थांबायचे. चिप बसवण्याआधी लस टोचली असेल तर ती लस हिशेबात धरली जात नाही. अखेरचा दाखला केंद्र सरकारच्या प्राणी विलगीकरण व प्रमाणन सेवेकडून घ्यायचा. तिची केंद्रे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूरु आणि हैदराबाद या सहा शहरांत आहेत. काशीच्या कुत्र्यालाही त्यासाठी मोठ्या शहराचीच वाट धरावी लागते.

या नियमांना ‘विलगीकरणाविना प्रवेश’ म्हटले जाते. कागदोपत्री ते खरे आहे, कारण विमानतळावर उतरल्यावर प्राण्याला पिंजऱ्यात ठेवले जात नाही. पण त्या तीन महिन्यांचा अर्थ पाहा. रेबीजचा विषाणू शरीरात शिरल्यानंतर लक्षणे दिसायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. लस घेण्यापूर्वीच प्राण्याला संसर्ग झालेला असेल, तर तो या अवधीत बहुधा उघड होतो. म्हणजे विलगीकरण संपलेले नाही. ते सीमेवरून उचलून मालकाच्या घरी आणले गेले आहे. पूर्वी पाहुणा देश आपल्या दारात प्राण्याला थांबवत असे. आता तो प्राण्याला त्याच्याच दारात थांबवतो, आणि तेही मालकाच्या खर्चाने. जपानमध्ये तर रक्ततपासणीनंतरचा हा अवधी १८० दिवसांचा आहे.

भीतीचा इतिहास

ही भीती अनाठायी नाही. १८९७ हे वर्ष मराठी वाचकांना पुण्याच्या प्लेगसाठी आणि रँडच्या तपासणी पथकांसाठी आठवते. ‘क्वारंटाइन’ हा शब्द तेव्हाच आपल्या घराघरांत शिरला. त्याच वर्षी ब्रिटनने परदेशातून येणाऱ्या कुत्र्यांवर निर्बंध घातले. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, हिंदुस्थानात पशुधन आयात कायदा झाला. दुरुस्त्यांसह तो आजही आपल्या नियमांचा पाया आहे. ब्रिटनने मुस्कटबंदी, भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त आणि आयातीवरील नियंत्रण यांच्या बळावर १९०२ पर्यंत रेबीजचे उच्चाटन केले. पण पहिल्या महायुद्धानंतर मायदेशी परतणाऱ्या सैनिकांबरोबर काही कुत्री चोरून आणली गेली आणि १९१८ मध्ये रोग परतला. तो पुन्हा हटवायला १९२२ उजाडावे लागले. लहानशा निष्काळजीपणाची किंमत एका देशाने चार वर्षे मोजली.

त्यानंतर ब्रिटनने सहा महिन्यांचे सक्तीचे विलगीकरण जवळजवळ धर्माज्ञेसारखे पाळले. तेही निर्दोष नव्हते. १९६९ साली कँबर्ली गावात सहा महिने पूर्ण करून बाहेर पडलेल्या एका कुत्र्याला काही दिवसांतच रेबीज झाल्याचे उघड झाले. उलट लस आणि प्रतिपिंडांची चाचणी यांचे शास्त्र पुढे गेले. १९९८ मध्ये प्राध्यापक इयन केनेडी यांच्या समितीने विलगीकरणाऐवजी चिप, लस व रक्ततपासणी यांची शिफारस केली आणि २८ फेब्रुवारी २००० पासून ब्रिटनची पाळीव प्राणी प्रवास योजना सुरू झाली. शंभर वर्षांची पिंजऱ्याची रीत एका रक्तचाचणीपुढे मागे सरली.

मात्र ही सवलत मुळात विश्वासावर उभी आहे आणि विश्वास तुटला की दार बंद होते. २०२१ च्या जून महिन्यात अझरबैजानहून अमेरिकेत आणलेल्या कुत्र्यांपैकी एकाला पेनसिल्व्हेनियात रेबीज झाला. त्याच्यापाशी लसीचा दाखला होता. पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, कुत्र्यांमधील रेबीजचा मोठा धोका असलेल्या शंभराहून अधिक देशांतील कुत्र्यांचा प्रवेश तात्पुरता स्थगित केला. भारत त्या यादीत होता आणि आजही आहे. १ ऑगस्ट २०२४ पासून तेथे नवे नियम लागू झाले. कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा, चिप हवी. भारतात लस घेतलेला असेल तर ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र हवे, आणि सीडीसीमान्य प्रयोगशाळेचा प्रतिपिंडांचा अहवाल नसेल तर नोंदणीकृत केंद्रात २८ दिवसांचे विलगीकरण. पुण्याहून न्यू जर्सीला निघालेल्या कुटुंबाला हे कळेपर्यंत अनेकदा विमानाची तिकिटे काढून झालेली असतात. जे कुटुंब अमेरिकेतून कुत्र्यासह सुटीवर येऊ इच्छिते, त्याने तर निघण्यापूर्वीच तिथल्या सरकारी पशुवैद्यकीय यंत्रणेचा शिक्का घेतलेला बरा. भारतात पाऊल पडले की परतीच्या वाटेवर तो कुत्रा ‘धोक्याच्या देशातून येणारा’ ठरतो.

यादी कशावरून ठरते

यावर आपल्याकडची नेहमीची प्रतिक्रिया दुखावलेल्या अभिमानाची असते. श्रीमंत देश गरीब देशांना असेच वागवतात, असे म्हटले की विचार थांबतो. मी या याद्या जेव्हा बारकाईने पाहिल्या, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. युरोपीय संघाच्या ज्या यादीतील देशांना रक्ततपासणी आणि तीन महिन्यांची प्रतीक्षा माफ आहे, तिच्यात अमेरिका आहे. तेथे वटवाघळे, रॅकून आणि स्कंक यांच्यात रेबीज आजही नांदतो. त्या यादीत मेक्सिको आहे, संयुक्त अरब अमिराती आहे, मलेशिया आहे. मलेशियाच्या सारावाक प्रांतात २०१७ पासून रेबीजने माणसे मेली आहेत. मग ही नावे तेथे कशी?

उत्तर विनियमातच आहे. यादीत येण्यासाठी देशात रेबीजचा एकही रुग्ण नसावा, अशी अट नाही. अटी वेगळ्या आहेत. रेबीजची नोंद कळवणे कायद्याने बंधनकारक असावे. किमान दोन वर्षे प्रभावी देखरेख चालू असावी. पशुवैद्यकीय सेवा आणि प्रयोगशाळा तो रोग शोधण्यास सक्षम असाव्यात. लसींच्या परवान्यांसह प्रतिबंधाचे नियम अमलात असावेत. थोडक्यात, प्रश्न ‘तुमच्याकडे रोग आहे का’ एवढाच नाही. ‘तुमच्याकडे तो किती आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का’ हा आहे. यादी निरोगी देशांची नाही, मोजणाऱ्या देशांची आहे.

आता आपली मोजणी पाहू. २०२४ मध्ये देशात श्वानदंशाच्या ३७ लाख १७ हजार घटना नोंदल्या गेल्या आणि रेबीजने झालेले संशयित मानवी मृत्यू ५४ होते, असे सरकारने गेल्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, संसदेला सांगितले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी देशभर घरोघरी पाहणी करून ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात जो अंदाज मांडला, त्यानुसार दरवर्षी सुमारे ५,७२६ माणसे रेबीजने मरतात. जागतिक आरोग्य संघटना अनेक वर्षे १८ ते २० हजारांचा आकडा सांगत आली आहे. एकीकडे ५४, दुसरीकडे पाच हजारांहून अधिक, तिसरीकडे वीस हजार. ज्या रोगात लक्षणे दिसल्यानंतर मृत्यू जवळजवळ अटळ असतो, त्याच्या मृत्यूंचा हिशेब शंभरपटीने चुकत असेल, तर परक्या देशाच्या अधिकाऱ्याने आपल्या दाखल्यावर कोणत्या आधारे विसंबून राहावे? बळी पडणाऱ्यांत मोठा वाटा मुलांचा असतो, आणि तीही बहुधा अशा घरांतली, जिथे जखम साबणाने पंधरा मिनिटे धुवायची असते हे कोणी सांगितलेले नसते आणि जिथून लसीचे केंद्र दूर असते. प्राण्यांमधील रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्याच्या अनुसूचीत रेबीज आहे. पण रस्त्यावर मेलेल्या कुत्र्याचा मेंदू तपासणार कोण, आणि त्याचे नाव कोणत्या वहीत लिहिणार?

अमृतराव घाटावरील कानांच्या खुणा

गेल्या हिवाळ्यात मी काशीत होतो. दशाश्वमेधाच्या दक्षिणेला असलेला अमृतराव घाट आज राजा घाट या नावाने अधिक ओळखला जातो. राघोबादादांचे दत्तक पुत्र आणि दुसऱ्या बाजीरावाचे बंधू असलेल्या अमृतरावांनी १८०३ मध्ये इंग्रजांशी करार करून पुण्याच्या राजकारणातून अंग काढून घेतले. पुढे ते काशीत राहिले आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी हा घाट दगडात बांधून काढला. त्या पायऱ्यांवर सकाळच्या उन्हात सात-आठ कुत्री पसरलेली होती. काशीचा कोतवाल काळभैरव आणि श्वान त्याचे वाहन, त्यामुळे येथे कुत्र्याला घास घालणे पुण्याचे मानले जाते. दत्तगुरूंच्या पायांशी चार श्वान पाहत वाढलेल्या आणि भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा ऐकलेल्या मराठी यात्रेकरूला हे दृश्य परके वाटण्याचे कारण नाही.

माझे लक्ष त्या कुत्र्यांच्या कानांकडे गेले. दोघा-तिघांच्या कानाला निर्बीजीकरण झाल्याची खाच होती, बाकीच्यांच्या नव्हती. ती खाच एवढेच सांगते की या जिवाला कधीतरी पकडून शस्त्रक्रिया करण्यात आली आणि तेव्हा बहुधा लसही टोचली गेली. ती कधी, त्यानंतर पुन्हा टोचली का, आज या अंगात प्रतिपिंडे आहेत का, हे खाच सांगत नाही. लसीचा प्रभाव ओसरतो आणि ती ठरावीक काळाने पुन्हा द्यावी लागते. खाच मात्र आयुष्यभर तशीच राहते. जयाला नेदरलँड्सला जाण्यासाठी जे लागले, ते म्हणजे ओळखीची खूण, वेळेवर लस आणि तिची नोंद. तेच या पायऱ्यांवरच्या प्रत्येक कुत्र्याला लागते. चिप आणि परदेशी प्रयोगशाळा जाऊ द्या. पण लस आणि नोंद तर हवीच. देश सोडून जाणाऱ्या कुत्र्याला जे मिळते, ते इथेच राहणाऱ्याला मिळत नाही, आणि इथेच राहणाऱ्याला ते मिळत नाही म्हणूनच जाणाऱ्याला सहा महिने थांबावे लागते.

गोव्याने दाखवलेली वाट

हे काम अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांनी गोव्याकडे पाहावे. गोवा सरकार आणि ‘मिशन रेबीज’ या संस्थेने मिळून गेल्या दशकात घरोघरी आणि गल्लोगल्ली फिरून लसीकरण केले. दरवर्षी सरासरी ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांना लस टोचली गेली. लस दिलेल्या कुत्र्याच्या अंगावर रंगाची खूण आणि त्याची नोंद मोबाइल फोनवर, नेमक्या ठिकाणासह. शाळांत मुलांना शिकवणे आणि संशयित कुत्र्याची खबर देण्यासाठी दूरध्वनी क्रमांक, हेही त्याच मोहिमेचे भाग होते. २०२२ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या काळात गोव्यातील रेबीजचे मानवी मृत्यू थांबले आणि कुत्र्यांमधील मासिक रुग्णसंख्या ९२ टक्क्यांनी घटली. २०२१ मध्ये राज्याने स्वतःला रेबीज-नियंत्रित क्षेत्र घोषित केले. त्यानंतरही अधूनमधून जनावरांत रोग आढळला आहे, कारण सिंधुदुर्ग किंवा उत्तर कन्नडमधून गोव्यात येणाऱ्या कुत्र्याला नाका अडवत नाही. तरीही मला गोव्याचे सर्वांत मोठे यश लसीच्या आकड्यात दिसत नाही. तो रोग किती उरला आहे हे गोव्याला सांगता येते, यात ते आहे.

केंद्र सरकारने २८ सप्टेंबर २०२१ रोजी जाहीर केलेल्या राष्ट्रीय कृती आराखड्यात २०३० पर्यंत श्वानजन्य रेबीजच्या उच्चाटनाचे उद्दिष्ट आहे. त्याचे सूत्र साधे आहे: ठरलेल्या क्षेत्रातील किमान ७० टक्के कुत्र्यांना सलग तीन वर्षे, दरवर्षी लस. २०१९ च्या पशुगणनेत भटक्या कुत्र्यांची संख्या एक कोटी ५३ लाख भरली होती. काम प्रचंड आहे; पण पल्स पोलिओची मोहीम राबवून दाखवलेल्या देशाला आवाक्याबाहेरचे नाही.

दुर्दैवाने आपली सार्वजनिक चर्चा दुसऱ्याच टोकांना लोंबकळते आहे. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील सारी भटकी कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश दिला. ११ दिवसांनी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलून, रेबीज झालेली वा आक्रमक कुत्री वगळता इतरांना निर्बीजीकरण आणि लसीकरणानंतर मूळ जागी सोडण्यास सांगितले. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारांतून कुत्री हटवण्याचा आदेश आला. श्वानप्रेमी आणि श्वानपीडित हे दोन तट एकमेकांवर तुटून पडले. चावा घेतलेल्या मुलाच्या आईचा संताप मला समजतो. रोज घास घालणाऱ्याची माया मला खोटी वाटत नाही. पण या कोलाहलात एक साधा प्रश्न कोणी नगरपालिकेला विचारत नाही: या प्रभागात गेल्या वर्षी किती कुत्र्यांना लस दिली, आणि ती वही कोठे आहे?

अपवादांचा कारभार

कोणी म्हणेल, कुत्र्याला परदेशी नेण्याची चैन मूठभरांची; त्यासाठी एवढी यातायात कशाला? आक्षेप रास्त आहे, आणि केवळ त्या मूठभरांसाठी मी हा लेख लिहिलाही नसता. पण सीमेवरचा नियम हा आरसा आहे. परदेशी अधिकारी आपल्याकडून जो पुरावा मागतो, तोच पुरावा मागण्याचा हक्क गल्लीतल्या मुलाच्या बापालाही आहे. त्याच्या हाती मात्र यादी नाही, विमानतळ नाही आणि कोणाला अडवण्याचा अधिकारही नाही.

आपल्या स्वतःच्या दारातील नियमही याच दोषाने ग्रासलेले आहेत. २०१३ मध्ये घालून दिलेल्या चौकटीनुसार सामानाबरोबर पाळीव प्राणी आणण्याची मुभा मुख्यतः दोन वर्षे सलग परदेशी राहून कायमचे परतणाऱ्यांना, तीही दोन प्राण्यांपुरती. प्राण्याला लस टोचली आहे की नाही यापेक्षा मालक किती वर्षे बाहेर होता याला तेथे महत्त्व! २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले, तेव्हा काही भारतीय विद्यार्थ्यांनी आपली कुत्री-मांजरे मागे टाकून निघायला नकार दिला. श्वानाला सोडून स्वर्गात पाऊल ठेवणार नाही, असे म्हणणाऱ्या युधिष्ठिराची कथा ज्या देशात सांगितली जाते, तेथे हे हट्ट जनतेला लगेच समजले. सरकारने एकवेळची सवलत दिली आणि ते योग्यच केले. पण करुणेला दर वेळी युद्धाची आणि विशेष आदेशाची गरज भासावी, हे चांगल्या नियमाचे लक्षण नाही. जोखीम प्राण्याच्या रक्तात मोजली जाते, मालकाच्या मुक्कामात नव्हे, हे तत्त्व आपणही स्वीकारायला हवे.

काय करता येईल, याची उत्तरे गूढ नाहीत. प्रत्येक महापालिकेने श्वान लसीकरणाची तारखेसह, ठिकाणासह नोंद ठेवावी आणि ती नागरिकांसाठी खुली करावी. मुंबई महापालिकेने २०३० चे उद्दिष्ट स्वीकारले आहेच. तिने वर्षागणिक आकडे प्रसिद्ध करून इतरांना वाट दाखवावी. संशयित प्राण्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा जिल्ह्यांच्या आवाक्यात याव्यात. रेबीजने झालेला प्रत्येक मानवी मृत्यू कळवण्याची सक्ती प्रत्यक्षात यावी, आणि खरा आकडा वर गेला म्हणून कोणा जिल्हाधिकाऱ्याला जाब विचारला जाऊ नये. लपवलेल्या आकड्याबद्दल मात्र जरूर विचारावा. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या संहितेत संपूर्ण देशाप्रमाणे एखाद्या विभागालाही श्वानजन्य रेबीजपासून मुक्त घोषित करण्याची सोय आहे. गोव्यासारख्या राज्यापासून, शेजारच्या जिल्ह्यांना सोबत घेऊन, ती सुरुवात होऊ शकते.

पहिली काही वर्षे आपले आकडे वाढतील. ५४ चे पाचशे होतील, कदाचित पाच हजार. मथळे भयंकर असतील आणि विरोधी पक्ष सभागृह डोक्यावर घेतील. तरीही तो वाढलेला आकडा हीच प्रगतीची पहिली खूण असेल. ५४ या आकड्यावर ना परदेशी अधिकाऱ्याचा विश्वास बसतो, ना आपल्या शास्त्रज्ञांचा. आणि ज्या घरातले मूल त्या आकड्यात धरलेच गेले नाही, त्या घराचा तर नाहीच नाही.